नागिणीच्या गोळ्या

साल दोन हजार दोन. हिंगोली जिल्हा होऊन तीन वर्षे झाली होती, पण कनेरगाव नाक्याची म्हातारी माणसे अजून परभणीचेच नाव घेत. चैत्र चालू होता. व्यंकटरावांच्या मळ्यात हळद शिजवायचे काम निघाले होते आणि नाक्यापासून कोसभर आत असलेल्या तांड्यातली सगळी बायामाणसे त्या कढईवर होती. पाल्याच्या जाळावर ती मोठी कढई दिवसभर खदखदायची. तिची वाफ अंगावर घेत घेत बायका उकडलेले कंद उपसून उन्हात टाकायच्या. हातापायांचा पिवळा रंग मग वैशाख संपेपर्यंत जात नसे.

अनुसयाबाई साठीची होती. तिच्याबरोबर कामाला तिची सून मिना. मिनाचा नवरा रणजीत आदल्या दिवाळीत गेला. हळदीची पोती भरलेला ट्रक वाशीमच्या रस्त्याला उलटला, तो पोत्यांवर बसला होता. मिना तेव्हा रडली नाही. तांड्यातल्या बायकांनी तिला मिठ्या मारल्या, हलवले, गळा काढून रडून दाखवले, पण तिच्या डोळ्यांतून काही आले नाही. रणजीतचे घड्याळ दवाखान्यातून परत मिळाले होते. ते तिने मनगटाला बांधले आणि तिसऱ्या आठवड्यापासून कामाला लागली. भाकरी थापायची, म्हशीचे करायची, सासूचे डोके विंचरायची. कुणी काही विचारले तर उत्तर द्यायची. एवढेच.

त्या सोमवारी अनुसयाबाईच्या कपाळाची डावी बाजू ठणकायला लागली. वाफ लागली असेल म्हणून तिने ओढणी खाली ओढली आणि काम चालू ठेवले. मंगळवारी तिथे फोड आले. तेही वाफेचेच असतील असे तिला वाटले. ते कुणाला दिसण्याचा प्रश्नच नव्हता, कारण कढईच्या जाळावर देखरेखीला पुनमचंद नायक बसलेला. तो तांड्याचा प्रमुख आणि अनुसयाबाईचा थोरला दीर. लग्न होऊन ती आली त्या दिवसापासून, म्हणजे चाळीस-एक वर्षे, तिने त्याच्यासमोर घुंगट वर केला नव्हता. तो आसपास असला की तिची ओढणी हनुवटीपर्यंत. तो दिवसभर तिथेच होता, म्हणून ओढणी दिवसभर तशीच होती.

बुधवारी सकाळी मिना तिचे डोके विंचरायला बसली आणि तिच्या हातातली फणी थांबली. डाव्या भुवईवरून केसांत शिरलेला फोडांचा पट्टा. उजवीकडे एकसुद्धा नाही. पापणी सुजून अर्धी मिटलेली. नाकाच्या शेंड्यावरही एक फोड.

"याडी, हे कधीपासून?" सासूला ती याडी, म्हणजे आई, म्हणायची.

"परवा वाफ लागली."

"वाफ काय अर्धंच कपाळ बघून लागते व्हय?"

"मला काय विचारतीस, वाफेला विचार," अनुसयाबाई म्हणाली. पण बोलताना तिने डावा डोळा हाताने झाकून धरला.

मिनाने तिला नाक्यावरच्या उपकेंद्रात नेले. तिथली नर्स पंचफुलाबाई कनेरगावचीच होती. चाळिशीची, बोलायला तिखट. तांड्यातली निम्मी लेकरे तिच्या हातावर जन्मली होती, त्यामुळे तिच्या बोलण्याचा कुणाला राग येत नसे.

"मावशी, घुंगट वर करा. इथं काय तुमचा जेठ बसला हाय का औषधं वाटायला?"

अनुसयाबाईने ओढणी वर केली. पंचफुलाबाई हसत होती, ती खाली वाकली. तिने बोट न लावता नाकाचा शेंडा पाहिला, मग पापणी.

"किती दिवस झाले?"

"सोमवारपासून दुखून राहिलं," मिना म्हणाली.

"म्हणजे तीन दिवस व्हायचेत अजून, औषध लागू पडंल. ही नागीण हाय, मिना."

"नागीण तर कंबरेला निघती."

"कुठंबी निघती. लहानपणी कांजिण्या आल्या असतील, त्याचा इषार अंगात दडून बसतो आन म्हातारपणी एका नसेनं वर येतो. नाकाच्या शेंड्यावर फोड आला म्हणजे तीच नस डोळ्यात जाती. उद्या न्हाई, आत्ताच हिंगोलीला जा. डोळा जाईल."

अनुसयाबाईचा धाकटा मुलगा प्रेमदास नाका ते हिंगोली जीप चालवायचा. त्याने भरलेल्या जीपमधून दोन गिऱ्हाइके उतरवली आणि आई-भावजयीला बसवले. हिंगोलीच्या सरकारी दवाखान्यात डोळ्याचे डॉक्टर तरुण होते. त्यांनी डोळ्यात पिवळे औषध घालून निळ्या उजेडात पाहिले. मग मिनाकडे वळून, एकेक बोट दुमडत, सावकाश सांगितले. गोळी दिवसातून पाच वेळा. सहा, दहा, दोन, सहा, दहा. सात दिवस. फोड सुकले, बरे वाटले, तरी मधेच सोडायची नाही. चुकली तर पुढच्या वेळी दोन घ्यायच्या नाहीत. डोळ्यात मलम. फोडांवर खपल्या धरेपर्यंत तान्ह्या लेकरांना आणि पोटुश्या बाईला जवळ घ्यायचे नाही. या गोळ्या दुसऱ्या कुणाला अंगावर काही उठले म्हणून द्यायच्या नाहीत.

"आणि पाणी," ते म्हणाले. "प्रत्येक गोळीबरोबर तांब्याभर. दिवसभर पीत राहायचं. ही गोळी लघवीवाटे जाते. पाणी कमी पडलं तर किडनीत अडकते. लघवी कमी झाली, किंवा ह्या काही वेडंवाकडं बोलायला लागल्या, तर वाट बघायची नाही. लगेच आणायचं. किडनीचा काही त्रास आहे का यांना आधीपासून?"

"न्हाई जी."

मिनाने सगळे ध्यानात ठेवले. तिच्या डोक्यात तेव्हा जागा पुष्कळ होती, दुसरे काही नव्हतेच. बुधवारी संध्याकाळी सहाला पहिली गोळी गेली.

गुरुवारी सकाळी पुनमचंद नायक हरिचंदला घेऊन आला. हरिचंद नागीण उतरवायचा. त्याचा बाप उतरवायचा, आजा उतरवायचा. माणूस सालस, त्याचे हात बाईसारखे मऊ. तो कुणाकडून नारळाशिवाय काही घेत नसे. त्याने ओढणीच्या कडेखालून दिसेल तेवढ्या कपाळाला गेरूची रेघ ओढली, काही पुटपुटला आणि ओट्यावर येऊन नायकाला सांगू लागला.

"तोंड आन शेपूट भेटू द्यायचं न्हाई. रेघ ओढली म्या. पण सात दिवस पाणी तोडा. घशाला ओल लागण्यापुरतं एक घोट, बस. पाणी मिळालं की नागीण फुगती, आन फुगली की भेटती."

"दवाखान्याच्या गोळ्या?" नायकाने विचारले.

"घेऊ द्या की. गोळीचं आन माझं काय भांडान हाय?"

नायक आत न डोकावता दाराबाहेरूनच म्हणाला, "ऐकलं का? दोन्ही बराबर करा. इकडचं पण, तिकडचं पण."

आतून ओढणी हलली. म्हणजे हो.

दोघे गेल्यावर मिना तांब्या घेऊन आली. "याडी, हरिचंददादाचं मनावर घेऊ नका. डॉक्टरनं पानी सांगितलंय."

"पिते गं. दे."

अनुसयाबाई भिंतीकडे तोंड करून, घुंगट खाली ओढून बसायची. डोळ्याला उजेड सोसत नव्हता. गोळी ओढणीखाली जायची, तांब्या ओढणीखाली जायचा, आणि रिकामा होऊन बाहेर यायचा. मिना घड्याळ बघायची, तांब्या विसळायची आणि पालथा घालायची. सहाचा, दहाचा, दोनचा, सहाचा, दहाचा. गुरुवार गेला, शुक्रवार गेला. फोड सुकू लागले. शनिवारी अनुसयाबाईचे ओठ पार फुटले होते. ते दुखण्याने असेल म्हणून मिनाने लोणी लावले.

रविवारी दोनची गोळी झाली. मिना चुलीपाशी भांडी आवरत होती. मागून आवाज आला.

"चप्पल भाईर काढ रे. सारवलंय."

मिनाने वळून पाहिले. अनुसयाबाई खाटेवर उठून बसली होती. तिने ओढणी डोक्यावरून मागे टाकली होती आणि ती दाराकडे पाहत होती. दारात कुणी नव्हते. ऊन होते.

"कोन आलं, याडी?"

"आंधळी झालीस का? रणजीत आलाय. वाढ त्याला."

मिना उभी राहिली. घरात आवाज म्हणून नव्हता. दुपारचा तांडा सगळा मळ्यात. तिने थाळी घेतली. भाकरी ठेवली, अंबाडीची भाजी ठेवली, कांदा फोडून ठेवला. थाळी दाराजवळ ठेवली आणि स्वतः चुलीपाशी बसली. असे का केले हे तिला नंतर कधी सांगता आले नाही. हात आपोआप चालले, जसे गेले सहा महिने सगळेच चालत होते.

"काय म्हणून राहिले ते?" तिने हळूच विचारले.

"म्हणतो म्हशीला पाणी पाजलं का." अनुसयाबाई हसली. "आल्या आल्या म्हशीची पंचाईत. बापावर गेलाय."

म्हशीला खरेच पाजले नव्हते. मिना उठली, बादली घेतली आणि मागच्या अंगाला गेली. तिथे कुडाच्या भिंतीला अनुसयाबाईच्या खाटेशेजारी हातभर उंचीवर एक भोक होते. त्याच्याखाली जमीन ओली होती. सगळे अंगण तव्यासारखे तापलेले आणि एवढाच तुकडा काळाभोर. त्यात कोंबड्या गारव्याला अंग पसरून बसल्या होत्या. एका बाजूला हिरवे काही उगवायलाही लागले होते.

मिना ते बघत राहिली. गोळी ओढणीखाली जात होती. पाणी भिंतीतून जात होते. जेठाचा शब्द मोडायचा नव्हता आणि सुनेचेही मन मोडायचे नव्हते. म्हातारीने दोन्ही बराबर केले होते. चार दिवस. चैत्राच्या उन्हात. आणि मग मिनाला आठवले की कालपासून सासूने टमरेल उचललेले नाही.

घड्याळात साडेतीन झाले होते.

डॉक्टरांचे शब्द तिला तोंडपाठ होते. वेडंवाकडं बोलायला लागल्या तर वाट बघायची नाही. तिने म्हशीला पाणी पाजले. घरात आली. तांब्या भरून सासूच्या हातात दिला आणि या वेळी ओढणीआड जाऊ न देता ओठाला लावला. अनुसयाबाई दोन घोट प्याली आणि तिने तो बाजूला सारला. "थांब, तो बोलून राहिला."

मिना थांबली.

ती खाटेच्या पायाशी बसली आणि ऐकू लागली. अनुसयाबाई ऐकायची, मान हलवायची आणि सांगायची. तो म्हणतो, कुंपणाची काटी बदला. तो म्हणतो, प्रेमदास जीप जोरात चालवतो. तो म्हणतो, मिना वाळली. एवढ्या महिन्यांत कुणी मिनाला त्याचे बोलणे सांगितले नव्हते. लोक त्याच्याबद्दल बोलत, गेला म्हणून बोलत. इथे तो दारात उभा राहून काटीची गोष्ट करत होता. तिला बरे वाटत होते असेही नाही. तिला काहीच वाटत नव्हते. फक्त उठवत नव्हते. आपण उठलो की तो जाणार, हे तिला पक्के ठाऊक होते. सासू आपल्यासमोर बिघडत चालली आहे, हेही ठाऊक होते. दोन्ही एकाच वेळी ठाऊक असूनही ती बसून राहिली.

मग अनुसयाबाईचा हात थरथरायला लागला. बोलता बोलता शब्द तुटले. मिनाकडे बघून ती म्हणाली, "तू कोनाची गं?"

मिना उठली. साडेपाच वाजले होते.

पंचफुलाबाई नाक्यावर राहायची. कोसभर मिना पळत गेली. पंचफुलाबाईने एवढेच विचारले, "मुतल्या कधी?" आणि उत्तर ऐकून चपला पायात सरकवल्या. "सहाची गोळी देऊ नको. मधेच सोडू नका म्हणून डॉक्टरनं सांगितलं असंल, पण आता आधी त्यायला दाखवू. पाकीट सगळं संग घे, किती गेल्या ते त्यांना दिसू दे." प्रेमदासची जीप नाक्यावरच होती.

तांड्यात जीप शिरली तेव्हा लोक मळ्यातून परतले होते. दारात पुनमचंद नायक आणि हरिचंद उभे होते.

"गोळ्यांनी डोक्यात चढली," हरिचंद म्हणत होता. "त्या बंद करा. मी पुन्हा रेघ ओढतो."

"कुठं घेऊन चालली?" नायकाने विचारले. तो प्रेमदासला विचारत होता. सुनेशी तो थेट बोलत नसे आणि तीही त्याच्याशी कधी बोलली नव्हती.

ओढणीतून मिना बोलली. "चार दिस पाणी पिल्या न्हाईत त्या. तुमचा शब्द पाळला त्यायनी."

नायक काही बोलणार, तेवढ्यात प्रेमदास आणि पंचफुलाबाई अनुसयाबाईला धरून बाहेर घेऊन आले. ओढणी गळ्यात पडलेली. चेहरा उघडा. अर्ध्या कपाळावर काळ्या खपल्या, वर गेरू, पापणी सुजलेली. ती नायकासमोर थांबली आणि सरळ त्याच्या तोंडाकडे बघून म्हणाली, "काय बघून राहिला? बाजारात शेळी बघायला आलास का? दात मोज मंग."

कुणी हसले नाही. चाळीस वर्षांत पुनमचंदने भावजयीचा चेहरा पाहिला नव्हता. त्याची नजर खाली गेली. तो बाजूला झाला. मग काय वाटले कुणास ठाऊक, आत गेला, तिच्या खाटेवरची गोधडी घेऊन आला आणि जीपच्या बाकावर स्वतः अंथरली.

हिंगोलीत तिला सलाईन लावले, नळी घातली, रक्त तपासले. डॉक्टरांनी सांगितले, किडनीला मार बसला आहे, पण वेळेत आणले. गोळी एक दिवस थांबवली आणि मग रक्त पुन्हा बघून पाचाच्या जागी तीन वेळा दिली. डोळ्याचे मलम चालूच. हरिचंदही दुसऱ्या दिवशी बसने आला. दवाखान्याच्या पायरीवर हात बांधून उभा राहिला आणि पंचफुलाबाईला विचारले, "पाण्यानं फुगत न्हाई ती?"

"तुमी फुगता का पाणी पिऊन?" ती म्हणाली. पण मग त्याचा चेहरा बघून तिने त्याला बाकावर बसवले आणि नीट समजावले.

मिनाने डॉक्टरांना एकटे गाठले. "साडेतीनला मला समजलं होतं. साडेपाचला निघाले. दोन घंटे. त्यानं काही झालं का?"

डॉक्टर म्हणाले, "दोन तासांनी नाही. चार दिवस पाणी न प्यायल्यानं झालं."

तिने मान हलवली. त्या उत्तराने तिला हलके वाटले नाही, जडही वाटले नाही.

मंगळवारी सकाळी अनुसयाबाई शुद्धीत आली. आधी ओढणी शोधली. मग म्हणाली, "मी काही बोलले का गं? सपान होतं लंबं."

"न्हाई. काहीच न्हाई," मिना म्हणाली आणि तांब्या पुढे केला. अनुसयाबाई तो तिच्यासमोर, घुंगट न ओढता, तळापर्यंत प्याली.

डोळा वाचला, पण पुरता नाही. बुबुळावर धुरकट डाग राहिला. डाव्या डोळ्याने तिला माणूस दिसे, माणसाचे नाक दिसत नसे. कपाळाचा तो भाग कायमचा बधिर झाला. तिथे माशी बसली तरी कळत नसे, आणि वारा सुटला की मात्र आतून आग व्हायची. ती त्यानंतर बारा वर्षे जगली. सून पाणी देते म्हटल्यावर हातातले काम टाकून पिऊन घ्यायची.

पुनमचंद नायक दोन हजार सहा साली गेला. त्या रविवारनंतर तो अनुसयाबाईच्या घरावरून जाताना खाकरायचा, म्हणजे तिला ओढणी ओढायला वेळ मिळावा. ती मात्र ओढेलच असे नव्हते.

हरिचंदने रेघ ओढायचे सोडले नाही. पण रेघ ओढून झाली की तो सांगायचा, तीन दिवसांच्या आत हिंगोली गाठा आणि गोळीबरोबर तांब्याभर पाणी प्या. हा आपल्या आजाचा उपाय आहे, असेही सांगायचा. पंचफुलाबाईच्या कानावर ते गेले तेव्हा ती म्हणाली, "सांगू द्या, आजाला जाऊ द्या नाव." तिची पुढे शिरड शहापूरला बदली झाली आणि तिथूनच ती निवृत्त झाली.

प्रेमदासने शिला नावाच्या मुलीशी लग्न केले, जीप विकली आणि एसटीत चालक म्हणून लागला. तांड्याला आता डांबरी रस्ता आहे. हळद शिजवायला बॉयलर येतो, त्या कढया कुठे गेल्या कळत नाही.

मिना दुसऱ्या घरी गेली नाही. दोन हजार पाचपासून ती तांड्यातल्या अंगणवाडीत मदतनीस होती. ती पहिल्यांदा रडली ते दोन हजार तीनच्या पोळ्याला, चुलीपाशी, कारण काहीच नसताना. अनुसयाबाईने चूल विझवली, तिच्याशेजारी बसली आणि तिला गप्प कर म्हणून कुणाला बोलावले नाही.

त्या दोन तासांत काय काय ऐकले, ते मिनाने कुणालाही सांगितले नाही. कुंपणाची काटी मात्र तिने त्याच पावसाळ्याआधी बदलून घेतली होती.